रामाकोन्याच्या पोट्ट्यांच्या रक्तात काय काय धावतं?

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्याला जाम नदीवर गोटमार म्हणजे दगडफेकीची लढाई होते आणि तिथं सांडलेल्या रक्ताची बातमी दरवर्षी नेमानं पेपरात येते. त्याच दिवशी रामाकोना-सौंसरच्या गल्ल्यांतून पोट्टे तान्ह्या पोळ्याचे लाकडी बैल ओढत, दारोदार बोजारा म्हणजे खाऊ-पैसे मागत फिरत असतात. त्यांच्या रक्ताची बातमी कुणी छापत नाही. खरं तर तीच जास्त चमचमीत आहे.

दारातली आजी नजरेनंच निकाल लावते. हा गुटगुटीत, खात्यापित्या घरचा. तो काडीपैलवान, त्याला अजून एक करंजी द्या गं. २०२३ मध्ये छिंदवाड्यातून वेगळा निघालेला पांढुर्णा जिल्हा असो की पलीकडचं नागपूर, पोराची तब्येत जोखायची पद्धत हीच. रक्ताचं मत मात्र आजीपेक्षा वेगळं असू शकतं, आणि पुष्कळदा असतंच.

आलूबोंडा पोटरीपर्यंत कसा पोचतो?

तेल पाण्यात विरघळत नाही, आणि रक्तात तर पाणीच जास्त. मग आलूबोंड्यातलं तेल पोटरीच्या स्नायूपर्यंत जातं कसं? प्रथिनांच्या गाड्यांतून. आतड्याच्या आणि यकृताच्या पेशी चरबीचे बारीक गोळे बांधतात, त्यावर प्रथिनांचं वेष्टण चढवतात आणि रवाना करतात. संत्र्याच्या हंगामात नागपूरच्या कळमना मार्केटकडे ट्रक निघतात, तसंच हे: माल आत, नंबरप्लेट बाहेर. नंबरप्लेटचं काम एपोबी नावाचं प्रथिन करतं. एलडीएल हा या ट्रकांचाच एक प्रकार. त्याच्या प्रत्येक कणावर एपोबीचा एक आणि एकच रेणू असतो, त्यामुळे एपोबी मोजलं की ट्रक मोजले गेले.

हे कशाला मोजायचं? कारण लठ्ठ मुलांत अनेकदा एलडीएल कोलेस्टेरॉलचा आकडा अगदी सोज्वळ येतो. डॉक्टर हसतात, आईबाप पेढे वाटतात. प्रत्यक्षात माल तेवढाच, पण तो लहान लहान ट्रकांत विभागलेला आणि रस्त्यावर गर्दी जास्त. रक्तवाहिनीच्या भिंतीला त्रास होतो तो गर्दीचा.

एपोबी हे माणसाच्या शरीरातल्या अगडबंब प्रथिनांपैकी एक. एकाच साखळीत ४,५३६ अमिनो आम्लं. यकृत हे प्रथिन पूर्ण लांबीचं बनवतं, आतडं मात्र त्याच जनुकावरून निम्म्याहून किंचित कमी, ४८ टक्के लांबीचं. आतड्यात जनुकाच्या निरोपातलं एक अक्षर बदललं जातं आणि तिथंच 'थांबा' असा हुकूम तयार होतो. एका अक्षराच्या फरकानं दोन वेगळी प्रथिनं.

तूप डाव्या खांद्यापाशी निघतं

साखर आतड्यातून थेट यकृताकडे जाते. चरबी तसं करत नाही. रोडग्यावर ओतलेलं तूप आतड्यातून लसिकावाहिन्यांत शिरतं, छातीतून वर चढतं आणि डाव्या गळपट्टीच्या हाडामागं एका मोठ्या शिरेत उतरतं. यकृताला वळसा घालून ते आधी अख्ख्या शरीरात हिंडून येतं. जेवणानंतर तीनचार तासांनी ही वाहतूक ऐन भरात असते. त्या वेळी रक्त काढून नळीत स्थिर ठेवलं तर वरचा द्रव गढूळ दिसतो. लॅबवाले "उपाशीपोटी या" म्हणतात ते यासाठी.

लाखांत नव्हे, दहा लाखांत एखादं बाळ असं जन्मतं की ही चरबी फोडणारं लायपोप्रोटीन लायपेज नावाचं विकर त्याच्याकडे नसतंच. सुई टोचली की रक्त दुधाळ येतं, आणि तेही उपाशीपोटी.

ज्यांच्याकडे विकर आहे, म्हणजे आपण सगळे, त्यांच्यात ते स्नायूंच्या आणि चरबीच्या केशवाहिन्यांच्या भिंतीवर चिकटून बसलेलं असतं. पोरगं पळालं, खेळलं की स्नायूतलं विकर वाढतं आणि चरबी तिथं जळायला जाते. पोरगं जेवून मोबाइल घेऊन लवंडलं की चरबीच्या पेशींतलं विकर पुढे होतं. जेवण तेच, पत्ता वेगळा.

दोन प्राध्यापकांचा फोटो

आता पुण्याला जाऊ, कारण या विषयातली जगप्रसिद्ध मराठी भूमी ती आहे. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन या दोघांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचाच फोटो छापला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन, अगदी एक: २२.३. म्हणजे तक्त्यानुसार दोघेही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन ९.१ टक्के आणि याज्ञिक २१.२ टक्के!

सोबत त्यांनी खुलासाही दिला होता. युडकिन मॅरेथॉन धावतात, आणि याज्ञिकांचा मुख्य व्यायाम म्हणजे रोज सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत आत शिरणं. इतक्या गंभीर नियतकालिकात इतकी खुसखुशीत टीप क्वचितच सापडते. पण त्याच टिपेत एक वाक्य असंही आहे की याज्ञिक जन्मले तेव्हा वजनानं कमी होते. खरी मेख तिथं आहे.

१९९३ पासून याज्ञिकांच्या गटानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर बायांचा अभ्यास सुरू केला. या आया शेतात राबणाऱ्या, गरोदरपणाआधी सरासरी ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळं सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची बाळं साडेतीन किलोची. आपलं बाळ सगळ्याच मापात लहान: डोकं, पोट, दंड. एक माप मात्र जवळजवळ तिकडच्या बाळाइतकंच भरलं. पाठीवर, खांद्याच्या फऱ्याखाली, चिमटीत धरलेल्या कातडीची जाडी. म्हणजे चरबी. स्नायूंत मार खाल्ला, चरबी तेवढी राखली.

मग त्यांनी नाळेतलं रक्त तपासलं. पुण्याची १५७ आणि लंडनची ६७ बाळं, अभ्यास छापला २००२ साली. वजनाच्या मानानं आपल्या बाळांच्या रक्तात इन्सुलिन आणि लेप्टिन ही दोन्ही प्रथिनं जास्त निघाली. बाळानं अजून पहिला घोट दूध घेतलेलं नाही, पाच रुपयांचा चिप्सचा पुडा तर फार पुढची गोष्ट, आणि रक्तातली कुंडली लिहून तयार. 'वाळकं पण चरबीदार' बाळ म्हणून ते जगभर गाजलं.

या सहा गावांतली ती लेकरं १८ वर्षांची झाली तेव्हा पुन्हा तपासली. ३७ टक्के मुलांची आणि १८ टक्के मुलींची रक्तशर्करा नेहमीपेक्षा जास्त. यांतली पुष्कळ दिसायला काटकच. आजीनं यांना एक करंजी जास्तच दिली असती.

मला यात सगळ्यात जास्त चक्रावून टाकतं ते ब जीवनसत्त्वांचं भांडण. या आयांपैकी सुमारे दोनतृतीयांश बायांत बी-१२ कमी होतं, फोलेट मात्र ठीकठाक. ज्यांच्यात बी-१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांची मुलं सहा वर्षांची झाली तेव्हा इन्सुलिनला सगळ्यात कमी दाद देणारी निघाली. बी-१२ रक्तातून ट्रान्सकोबालामिन नावाच्या प्रथिनावर बसून जातं आणि चरबी जाळण्याच्या एका वाटेवर पेशीला ते लागतंच. डाळभाजीत फोलेट असतं, बी-१२ अजिबात नसतं. ते दूध, दही, अंडी, मांस यांत. सौंसर भागात घरी दुभतं जनावर असलं तरी दूध डेअरीला आणि चहा काळा, अशी घरं कमी नाहीत.

पन्नास पिढ्या उपाशी

पुण्यातच उंदरांचा एक कुळवृत्तांत तयार झाला. आनंदवर्धन हर्डीकर, याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये 'सेल मेटाबॉलिझम'मध्ये छापलं: पन्नास पिढ्या अर्धपोटी ठेवलेले उंदीर. त्यांच्या रक्तात इन्सुलिन जास्त, बी-१२ कमी. मग त्यांना पोटभर चारलं, सलग दोन पिढ्या. रक्त सुधारलं नाही, उलट चरबी चढली. पन्नास पिढ्यांची उपासमार दोन पिढ्यांच्या मेजवानीला ऐकत नाही. आपल्याकडे किती दुष्काळ पचवलेले पणजोबा होते याचा हिशेब ज्यानं त्यानं आपापल्या घरी करावा.

पोट भरलं, हे मेंदूला सांगतं कोण?

चरबी. ती नुसती पडून राहत नाही. चरबीच्या पेशी लेप्टिन नावाचं प्रथिन रक्तात सोडतात. ते मेंदूला कळवतं की साठा पुरेसा आहे, आता ताटावरून उठ. १९९४ साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांनी त्याचं जनुक शोधलं तेव्हा लठ्ठपणावर औषध मिळालं म्हणून जग नाचलं.

१९९७ मध्ये ब्रिटनमधली पाकिस्तानी वंशाची दोन चुलत भावंडं वैद्यकीय साहित्यात आली. मुलगी आठ वर्षांची आणि वजन ८६ किलो. दुसरं मूल दोन वर्षांचं, २९ किलो. दोघांच्याही शरीरात लेप्टिन बनतच नव्हतं. मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं सुरू केल्यावर एका वर्षात १६ किलोंहून जास्त वजन उतरलं. जिची भूक कधी शमलीच नव्हती ती आता इतर मुलांइतकं जेवून उठू लागली.

पण जगाचा नाच लवकरच थांबला. अशी मुलं जगभरात मोजकी. बाकीच्या लठ्ठ मुलांत लेप्टिन कमी नसतं, उलट ओसंडून वाहत असतं. मेंदूच ऐकत नाही. आईनं दहादा हाक मारल्यावर अकराव्या हाकेला कोणता पोट्टा ओ देतो?

आईच्या दुधात लेप्टिन असतं. बाटलीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी एवढं ऐकून घ्यावं.

उलट्या काळजाचं प्रथिन

चरबीच्याच पेशीतून निघणारं अडिपोनेक्टिन हे प्रथिन रक्तात लेप्टिनच्या हजारपट असतं. यकृताला आणि स्नायूंना ते इन्सुलिनचं ऐकायला लावतं. त्याचा तिरपागडेपणा असा की चरबी वाढली की ते कमी होतं. कारखाना मोठा, उत्पादन कमी. लठ्ठ मुलाच्या रक्तात लेप्टिन वर आणि अडिपोनेक्टिन खाली ही जोडी इतकी नेहमीची, की दोघांचं गुणोत्तरच काढायची पद्धत पडली आहे.

चरबीच्या पेशी मोजायला अणुबॉम्ब

१९६३ पर्यंत महासत्तांनी उघड्यावर अणुचाचण्या केल्या. हवेत किरणोत्सारी कार्बन वाढला, तो पिकांत गेला, पिकांतून माणसांत. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २००८ मध्ये त्याच कार्बनवरून चरबीच्या पेशींची जन्मतारीख काढली. निष्कर्ष असा: पेशींची संख्या बालपणात आणि किशोरवयात ठरते. मोठेपणी दरवर्षी साधारण दहा टक्के पेशी मरतात आणि तेवढ्याच नव्या येतात. वजन उतरवायची शस्त्रक्रिया केली तरी पेशी नुसत्या आक्रसतात, संख्या तीच राहते.

"लहानपणी असू दे जाड, मोठेपणी आपोआप उतरेल" हे वाक्य आपल्याकडे इतक्या घरांत ऐकू येतं, की हा शोध खरं म्हणजे लग्नपत्रिकेच्या मागं छापायला हवा.

संत्रं खा, पिऊ नका

संत्र्याच्या मुलखात हे लिहिणं म्हणजे धाडस. पण फोडी सोलून खाल्ल्या तर साखरेसोबत चोथा जातो, आणि दोन संत्र्यांत पोरगं थांबतं. ग्लासभर रसात तीनचार संत्री जातात, चोथा गाळणीत राहतो आणि वरून चमचाभर साखर पडतेच. साखरेतला फ्रुक्टोजचा भाग बराचसा यकृतच हाताळतं. जास्त झाला की त्याची चरबी करून ट्रकात भरतं. म्हणून तेलाचा थेंब न खाताही ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली चरबी, वाढू शकतात.

सॅन फ्रान्सिस्कोत रॉबर्ट लस्टिग यांच्या गटानं ४३ लठ्ठ मुलांवर एक साधा प्रयोग केला, तो २०१५ मध्ये छापून आला. उष्मांक तेवढेच ठेवले, फक्त वरची साखर काढून तिच्या जागी पिष्टमय पदार्थ दिले. फक्त नऊ दिवस. ट्रायग्लिसराइड आणि उपाशीपोटीचं इन्सुलिन दोन्ही खाली आले.

आपल्याकडचा आकडा? २०१६ ते २०१८ च्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या ५ ते ९ वयाच्या ३४ टक्के मुलांत ट्रायग्लिसराइड जास्त निघाले, तर १० ते १९ वयाच्या मुलांत १६ टक्के. बातम्यांनी यावर बराच गळा काढला. बारीक वाचलं तर कळतं, लहानांसाठी मर्यादाच १०० आहे आणि मोठ्यांसाठी १३०. त्यामुळे लहान मुलं वाढत्या वयात बरी होतात असा अर्थ कुणी काढू नये. तरीही दर तिसरं मूल म्हणजे फार झालं, आणि त्या तिसऱ्यांत लठ्ठ न दिसणारी भरपूर.

जवसाचं काय?

विदर्भात आणि लगतच्या पट्ट्यात एकेकाळी स्वयंपाकाला जवसाचं तेल चालायचं. आता जवस चटणीपुरतं उरलं. त्याच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-३ प्रकारच्या आम्लाचा. वाचून लोक जवसाला देवपण देतात. जरा थांबा. शरीराला ते माशातल्या ओमेगा-३ मध्ये बदलावं लागतं आणि हा बदल फार थोडा होतो. चटणी खावी, कारण ती झकास लागते. औषध म्हणून खाऊ नये.

लिंबांच्या गावातलं नशीब

इटलीत गार्डा सरोवराच्या काठी लिमोने नावाचं गाव आहे. तिथं लिंबाच्या जुन्या बागा आहेत. डोंगर आणि पाणी यांच्या कचाट्यात हे गाव असं अडकलेलं की धड रस्ता पोचला तो १९३०च्या दशकात. तिथल्या काही माणसांच्या रक्ताचा रिपोर्ट पाहून मिलानचे डॉक्टर चेझारे सिर्तोरी यांना घाम फुटला होता. 'चांगलं' म्हटलं जाणारं एचडीएल फारच कमी, ट्रायग्लिसराइड जास्त. कागदावर ही माणसं आत्तापर्यंत हृदयविकारानं जायला हवी होती. ती मात्र ठणठणीत, त्यांच्या रक्तवाहिन्या स्वच्छ.

शोध घेतला तर एपो-ए१ या एचडीएलच्या मुख्य प्रथिनात एका अमिनो आम्लाचा बदल सापडला. नाव पडलं एपो-ए१ मिलानो. गावातल्या एकाच जुन्या जोडप्याकडून तो वंशात उतरलेला. ना कसरत, ना पथ्य, निव्वळ पूर्वजांची कृपा. संत्र्यांच्या गावात असं एखादं प्रथिन दडलंय का हे कुणी पाहिलेलं नाही. आमचे पूर्वज दुष्काळ सोसण्यात गुंतले होते, हे वर आलंच आहे.

एका थेंबात हजारावर प्रथिनं

डेन्मार्कच्या संशोधकांनी २,१०० हून अधिक मुलांच्या रक्तातली १,२०० हून जास्त प्रथिनं एकत्र मोजली. २०२५ मध्ये छापलेल्या या कामात दिसलं की त्यांतली सुमारे ७० टक्के प्रथिनं वय, मुलगा की मुलगी, बीएमआय किंवा जनुकं यांपैकी कशाशी तरी जोडलेली आहेत. मुलाचं रक्त म्हणजे मोठ्या माणसाच्या रक्ताची छोटी बाटली नव्हे. ते वर्षागणिक बदलतं. मोठ्यांचं कोष्टक लावून पोरांचे रिपोर्ट वाचू नयेत.

इतकी प्रथिनं मोजणारं यंत्र सौंसरला येईपर्यंत घरच्या दोन युक्त्या. पहिली करदोड्याची. पाच वर्षांपुढच्या पोराच्या उंचीएवढा दोरा घ्या, मधोमध दुमडा आणि बेंबीवरून पोटाला गुंडाळा. टोकं जुळली नाहीत तर पोट उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे, आणि मग पोरगं कितीही सडपातळ दिसो, रक्त तपासणं बरं. दुसरी युक्ती लॅबच्या रिपोर्टाची. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. मुलांमध्ये ही वजाबाकी १४५ किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरला दाखवा. अमेरिकेत ९ ते ११ वयाच्या प्रत्येक मुलाची ही तपासणी एकदा करावी असं २०११ पासून सांगतात, मग ते जाड असो की काडी.

आणि या वजाबाकीला उपाशी राहावं लागत नाही. पोट्टा सकाळी तर्री-पोहे खाऊन गेला तरी चालतो.